निर्वासितांची कचेरी सर्वांची कशी झाली?

भिवंडीचा इतिहास बाहेरून आलेल्यांनी घडवला आहे. 1857 च्या उठावानंतर अवध आणि आजच्या पूर्व उत्तर प्रदेशातली मोमीन विणकर कुटुंबे दक्षिणेकडे निघाली. विलायती कापडाने त्यांचा हातमाग आधीच मोडला होता. उठाव चिरडताना गावे उजाड झाली, पुढे दुष्काळ आले. मुंबई-आग्रा रस्त्याने येताना कोणी धुळ्यात थांबले, कोणी मालेगावात, कोणी भिवंडीत. त्याच रस्त्याचा आजचा अवतार म्हणजे मानकोलीवरून जाणारा मुंबई-नाशिक महामार्ग.

या लोकांना काम कोणी मिळवून दिले? बिरादरीने. आधी आलेला भाऊबंद नव्या माणसाला मागावर बसवायचा, राहायला कोपरा द्यायचा. ही मोठी गोष्ट होती. पण तिला मर्यादाही होती. ज्याची ओळख नाही त्याला दार नाही, आणि ज्याने उचल घेतली त्याला फेडेपर्यंत मालक बदलता येत नाही. हातमागाचे यंत्रमाग झाले, तरी कामाला लागण्याची रीत बरीचशी तीच राहिली.

आता फाळणीकडे या. सिंधमधून आलेल्या हिंदू निर्वासितांना कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत ठेवले गेले. 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी या वसाहतीला उल्हासनगर नाव दिले. तिथले लोक आजही पत्ता सांगताना ‘कॅम्प नंबर तीन’, ‘कॅम्प नंबर पाच’ असेच म्हणतात.

तेव्हाच्या सरकारने फक्त शिधा वाटला नाही. सैन्यातून मोकळे झालेल्या जवानांना काम मिळावे म्हणून 1945 साली एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज निघाली होती. 1947 मध्ये ती निर्वासितांसाठी उघडली गेली. जवानांची प्रशिक्षण केंद्रेही त्यांना खुली झाली. 1948 मध्ये निर्वासितांना धंद्यासाठी कर्ज देणारे रिहॅबिलिटेशन फायनान्स अॅडमिनिस्ट्रेशन कायद्याने उभे राहिले. म्हणजे नोंदणी, प्रशिक्षण आणि भांडवल अशा तिन्ही गोष्टींवर सरकारी पैसा खर्च झाला. सिंधी समाजाची जिद्द मोठी होतीच, पण त्या जिद्दीला हात देणारी व्यवस्थाही होती, हे आपण विसरतो.

पुढे जे झाले ते अधिक महत्त्वाचे आहे. 1948 मध्येच ही एक्स्चेंज सर्व बेरोजगारांसाठी खुली झाली. 1950 मध्ये कारागीर प्रशिक्षण योजना आली, तिच्यातूनच आजच्या आयटीआय चालतात. 1959 च्या कायद्याने रिकाम्या जागा एक्स्चेंजला कळवणे बंधनकारक केले. तो लागू झाला 1 मे 1960 रोजी, महाराष्ट्र राज्य जन्मले त्याच दिवशी. ज्या मराठी मुलांनी पुढे सेवायोजन कार्यालयात नाव नोंदवले, ती निर्वासितांसाठी रुंद केलेल्या वाटेनेच गेली. ‘बाहेरच्यांवर आमचा पैसा का?’ असे विचारणाऱ्यांना इतिहासाने दिलेले हे उत्तर आहे.

आपल्या परंपरेतही हा धडा आहे. मक्केहून मदीनेला आलेल्या मुहाजिरांना तिथल्या अन्सारांनी भाऊ मानले. साद बिन रबी यांनी आपली अर्धी मालमत्ता देऊ केली, तेव्हा अब्दुर्रहमान बिन औफ यांनी दुआ देऊन फक्त बाजार कुठे आहे ते विचारले. पनीर आणि तुपाच्या व्यापारातून ते स्वतःच्या पायावर उभे राहिले. भिवंडीतले विणकर ‘अन्सारी’ नाव लावतात, पण इथे ते आले मुहाजिरांच्या हालतीत. म्हणून नव्याने येणाऱ्याचे दुःख आपल्याला तरी परके नसावे.

मे 2020 च्या सुरुवातीला भिवंडीहून गोरखपूरला श्रमिक रेल्वे सुटली. त्याआधी आणि नंतरही कित्येक मजूर याच महामार्गाने पायी निघाले. त्यांतल्या बहुतेकांच्या कामाची नोंद कुठल्याच दप्तरात नव्हती. आज मानकोलीच्या गोदामांत बिहार-उत्तर प्रदेशची मुले माल चढवतात-उतरवतात. मंदीत माग बंद पडलेल्या घरातले माझे माजी विद्यार्थीही तिथेच काम शोधतात. मराठीत अर्ज लिहून घ्यायला ते माझ्याकडे येतात. एकाच्या पहिल्या पगारातून ठेकेदाराने काम लावल्याचे पैसे कापले. बिरादरी गेली, सरकारी कचेरी ओस पडली आणि मधली जागा ठेकेदाराने घेतली.

रमजानमध्ये आपल्या जमाती रेशनचे किट वाटतात. ते वाटावेच. पण जकातीच्या आठ हकदारांमध्ये मुसाफिरही आहे. गरजू मुसाफिराचे अर्ज, कागदपत्रे, गाडीभाडे, महिनाभराचे प्रशिक्षण यांवर त्यातला काही हिस्सा खर्च करता येईल का, हे आपल्या उलमांना विचारायला हवे. बिगरमुस्लिम मजुरांसाठी वर्गणीचा वेगळा गल्ला ठेवता येईल. एक टेबल, एक रजिस्टर आणि मराठी लिहिणारा एक माणूस, एवढ्यावर सुरुवात होते. आणि सरकारकडे मागायचे असेल, तर ती जुनी कचेरी पुन्हा जिवंत करा, एवढेच मागू या.