अजिंठ्याचे रंग आणि निजामाची तिजोरी

१/
हैदराबाद संस्थानाच्या पुरातत्त्व खात्याचे संचालक गुलाम याझदानी यांच्या अजिंठाविषयक ग्रंथाचा पहिला भाग १९३० साली प्रसिद्ध झाला. लेण्यांतील भित्तिचित्रे त्यात रंगीत छायाचित्रणाच्या आधारे छापली होती. नांदेड-लातूरचा शेतसारा ज्या तिजोरीत जमा होत असे, तिच्यातूनच या कामाचा खर्च भागला.

२/
कॅमेऱ्याची गरज का भासली? रॉबर्ट गिल यांनी १८४४ पासून अनेक वर्षे खपून तैलरंगांत प्रतिकृती केल्या. त्यांतील बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. पुढे जॉन ग्रिफिथ्स यांनी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतील विद्यार्थ्यांसह नव्या प्रतिकृती केल्या. त्यांतील अनेक १८८५ साली लंडनमध्येच आगीच्या भक्ष्यस्थानी पडल्या.

३/
आगीतून वाचलेल्या प्रतींतही एक उणीव होती. कुंचल्यातून मूळ चित्राबरोबर नक्कल करणाऱ्याची दृष्टीही उतरते. यंत्राला अशी आवडनिवड नसते, असा तेव्हाचा विश्वास होता.

४/
रंगीत छायाचित्रणाचे तत्त्व जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८६१ साली लंडनमध्ये दाखवले होते. एकच दृश्य लाल, हिरव्या आणि निळ्या गाळणीतून तीनदा टिपायचे. तिन्ही प्रतिमा एकत्र आल्या की रंग परत मिळतात. छपाईत त्यांच्यासाठी तीन पूरक शाया वापरतात. तिन्ही ठसे केसभर सरकले तरी रेषा फाटते. त्यात लेण्यांत अंधार.

५/
परंतु यंत्रही भिंतीवर जे आहे तेच टिपते. चित्रे उजळ दिसावीत म्हणून नकलाकारांनी त्यांवर वार्निश फासले होते. १९२०-२२ मध्ये निजाम सरकारने लोरेंझो चेक्कोनी आणि ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांना पाचारण केले. त्यांनी सुटलेला गिलावा सावरला; पण लाखेचे लेप चित्रांवर उरले आणि काळाबरोबर पिवळे पडले. पिवळा थर निळा प्रकाश शोषतो. त्यामुळे दूर अफगाणिस्तानातून आलेल्या राजावर्ताची निळाईही त्याखाली मळकट दिसते.

६/
आजची बहुवर्णपटीय छायाचित्रणाची पद्धत याच अडचणीवरचा उपाय आहे. तीन गाळण्यांऐवजी प्रकाशाच्या अनेक पट्ट्यांत प्रतिमा घेतात. अतिनील प्रकाशात जुनी लाख चमकते, म्हणून लेप कोठवर आहे ते समजते. अवरक्त किरण अनेक रंगथर भेदतात, त्यामुळे काजळीची मूळ रेखा दिसू शकते. हे सर्व भिंतीला हात न लावता साधते. मॅक्सवेलचे तत्त्व तेच. केवळ गाळण्या वाढल्या.

७/
याझदानींचे उर्वरित भाग १९३३, १९४६ आणि १९५५ साली आले. तिसऱ्या आणि चौथ्या भागाच्या मधल्या काळात, १७ सप्टेंबर १९४८ रोजी, निजामाची राजवटच संपली. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला. ग्रंथ मात्र पूर्ण झाला.

८/
मराठवाड्याच्या स्मृतीत निजामी राजवट म्हणजे रझाकारांचा जुलूम, आणि ती स्मृती खरी आहे. तथापि या चित्रांची नोंद केवळ राजाचे औदार्य नव्हे. तीत सारा भरणाऱ्या रयतेचाही वाटा आहे. ग्रंथाच्या मानपानात तिचे नाव नाही. आज भिंतीवरचा एखादा पोपडा गळाला, तर तेथे पूर्वी काय होते हे सांगायला हीच पाने साक्षीदार आहेत.

(समाप्त)