फेब्रुवारी १९४६ : संप की उठाव?

‘डायरेक्ट ॲक्शन’ म्हटले की आपल्या घरातील बुजुर्गांना १६ ऑगस्ट १९४६ चा कलकत्ता आठवतो. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत मुंबईत याच मार्गाबद्दल वेगळाच वाद झडला होता. त्याची आठवण मात्र आमच्या पिढीला कुणी करून दिली नाही.

१८ फेब्रुवारीला कुलाब्याच्या ‘तलवार’ या नौदल केंद्रात खलाशांनी जेवण नाकारले. निकृष्ट अन्न आणि गोऱ्या अधिकाऱ्याच्या शिव्या, एवढीच तक्रार. दोन दिवसांत ती जहाजोजहाजी पोचली. मध्यवर्ती संप समितीचे अध्यक्ष एम. एस. खान, उपाध्यक्ष मदनसिंग. काँग्रेस, लीग आणि कम्युनिस्ट, तिघांचे झेंडे एकत्र फडकले. फाळणीच्या दीड वर्ष आधी, हे ध्यानात घ्यावे!

२२ तारखेला कम्युनिस्ट पक्षाने हरताळाची हाक दिली. १९४२ च्या ‘चले जाव’ आंदोलनाला याच पक्षाचा विरोध होता आणि भूमिगत राहून ते आंदोलन चालवणाऱ्या समाजवादी अरुणा असफअली या वेळी हरताळाच्या बाजूने होत्या. सरदार पटेलांचा विरोध होता. मौलाना आझादांचे मत, ही वेळ प्रत्यक्ष कृतीची नव्हे. गांधीजी म्हणाले, अपमान वाटतो तर नोकरी सोडावी. अरुणाबाईंचा सवाल रोकडा होता : नोकरीतल्या हक्कांसाठी लढणाऱ्याने नोकरीच सोडायची, तर लढायचे कशासाठी? इथे आम्ही अरुणाबाईंच्या बाजूने आहोत.

पण डाव्यांनाही एक गोष्ट विचारली पाहिजे. गिरण्या बंद पडल्या, परळ-लालबागचे कामगार रस्त्यावर आले, लष्कराने गोळ्या झाडल्या, दोनशेहून अधिक माणसे मेली. हाक शांततापूर्ण हरताळाची होती. मग गोळीबार सुरू झाल्यावर काय करायचे, हे कुणी ठरवले होते? गोदीतला खलाशी आणि चाळीतला कामगार यांना जोडणारी समिती कुठे होती? ती शेवटपर्यंत झालीच नाही. म्हणूनच पटेल आणि जीना, दोघांनी शरणागतीचा सल्ला दिला तेव्हा संप समितीपुढे दुसरा रस्ता उरला नव्हता.

२३ फेब्रुवारीला जहाजांवर काळे झेंडे चढले. कुणावर सूड उगवला जाणार नाही, असे आश्वासन होते. तरी शेकडो खलाशी बडतर्फ झाले. पुढे भारत आणि पाकिस्तान असे दोन आरमार झाले. त्यांपैकी एकानेही त्यांना परत घेतले नाही.