अमरावतीचा पोट्टा, लखनौची रात्र

हॉकी स्टिक ठेव बाजूला. अकोल्याकडून खेळताना तू हमखास गोल करायचास. यंदा अमरावतीच्या संघात आलास आणि चेंडू 'डी'त आला की पासच देऊन मोकळा होतोस. "याला काहून घेतलं?" हे बाकावरचं बोलणं तुझ्या कानावर आलंय. चल माझ्यासोबत.

आज २७ मे २०२५. आयपीएलचा लखनौ-बंगळुरू सामना, आणि तू लखनौच्या एकाना स्टेडियमवर सीमारेषेला खेटून उभा आहेस. कोहली आत्ताच बाद झालाय. बंगळुरू ४ बाद १२३, लक्ष्य २२८. आत येतोय जितेश शर्मा. आपल्या अमरावतीचा.

त्याचा चेहरा नीट पाहा. २०१६ मध्ये मुंबई इंडियन्सनं त्याला घेतलं, पण दोन मोसमांत एकही सामना मिळाला नाही. २०२२ मध्ये पंजाबनं २० लाखांत घेतलं आणि तिथं त्याचं नाव झालं. मग जेद्दाच्या लिलावात बंगळुरूनं ११ कोटी मोजले. तेव्हापासून तो लवकर बाद झाला की लोकांना आधी ११ कोटीच आठवतात. आयपीएलमध्ये त्याचं अजून एकही अर्धशतक नाही. चार दिवसांपूर्वी याच मैदानावर संघ हरला, तेव्हा कर्णधार तोच होता. आजही तोच आहे.

दुसऱ्या टोकाला मयंक अगरवाल. जितेश पहिल्यापासूनच तुटून पडतो. ४९ वर असताना लखनौच्या दिग्वेश राठीला रिव्हर्स स्वीप मारतो आणि चेंडू थेट क्षेत्ररक्षक बडोनीच्या हातात! तुझ्या पोटात गोळा येतो. पण पंच थांबवतात. राठीचा मागचा पाय चुकलाय, नो बॉल. फ्री हिटवर षटकार, अर्धशतक पूर्ण.

नो बॉल हे नशीबच, मान्य. पण ४९ वर, एवढ्या अपेक्षा डोक्यावर घेऊन, असा फटका खेळायला जाणं हे नशीब नाही. मला त्याचं हेच फार आवडतं. झेल गेला असता तरी मी हेच म्हटलं असतं. तू 'डी'त जो पास देतोस ना, त्यात चुकायची भीती असते. गड्या, मारून तर पाहा.

८ चेंडू शिल्लक असताना तो षटकारानंच सामना संपवतो. ३३ चेंडूंत नाबाद ८५.

आणखी आठवडाभर पुढं चल, ३ जूनला, अहमदाबादला. अंतिम सामन्यात समोर त्याचाच जुना संघ आहे, पंजाब. तो १० चेंडूंत २४ करतो. बंगळुरू ६ धावांनी जिंकतं, अठराव्या मोसमात पहिलंच विजेतेपद.