क्लोरोक्वीनचा अकाली मृत्युलेख

क्लोरोक्वीनची कथा हल्ली तीन वाक्यांत उरकली जाते. दुसऱ्या महायुद्धानंतर हे स्वस्त औषध जगभर पोचले. लोकांनी ते वाटेल तसे घेतले, अर्धवट सोडले, म्हणून हिवतापाच्या परजीवीत प्रतिकार आला. मग आर्टेमिसिनिन आले आणि क्लोरोक्वीनचा चार-अमिनोक्विनोलिन हा सगळा वर्गच मोडीत निघाला. २०२० मध्ये हायड्रॉक्सीक्लोरोक्वीनला करोनावरची संजीवनी ठरवून जे हसे झाले, त्याचे शिंतोडेही या मूळ औषधावर उडाले. तो वाद विषाणूचा होता, हिवतापाचा नव्हे. त्यात वेळ दवडत नाही.

या पूर्वपक्षातले पहिले वाक्य मान्य. उरलेल्या दोन्हींना माझी हरकत आहे.

‘मोडीत निघाला’ म्हणणाऱ्याला आधी विचारावे, कोणत्या हिवतापात? मुंबईत बहुतेक रुग्ण व्हायव्हॅक्सचे, तर गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात फॅल्सिपेरमचा जोर. आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात व्हायव्हॅक्सवर क्लोरोक्वीनच दिले जाते: वजनाच्या दर किलोमागे २५ मिलिग्रॅम, तीन दिवसांत विभागून. यकृतात दडलेल्या परजीवीसाठी त्याच्या जोडीला चौदा दिवस प्रायमाक्वीन. फॅल्सिपेरमची गोष्ट निराळी. क्लोरोक्वीनला न जुमानणारा फॅल्सिपेरम भारतात प्रथम १९७३ मध्ये आसामच्या कार्बी आंगलाँगमध्ये नोंदला गेला, आणि २०१० पासून देशभर त्यावर आर्टेमिसिनिनयुक्त मिश्रणे देण्याचे धोरण आले. म्हणजे एका परजीवीवरचा निकाल दुसऱ्याच्या माथी मारून मृत्युलेख लिहिला गेला आहे.

दोष रुग्णांच्या बेफिकिरीचा, हे तर त्याहून लंगडे. अर्धवट डोसामुळे गावोगाव नवा प्रतिकार उपजत असता, तर त्याची मुळे हजारो ठिकाणी सापडली असती. जनुकीय पुरावा उलट सांगतो. १९५० च्या दशकाच्या अखेरीस थायलंड-कंबोडिया सीमेवर आणि दक्षिण अमेरिकेत, अशा मोजक्याच ठिकाणी तो उगवला आणि तिथून पसरला. १९७८ च्या सुमारास पूर्व आफ्रिकेत दिसलेला प्रतिकारही आग्नेय आशियातल्याच वंशाचा होता. प्रतिकार उगवला त्या काळात ब्राझीलमध्ये आणि कंबोडियातल्या पैलिनमध्ये सरकारी मोहिमांनीच औषध मिसळलेले मीठ वाटले होते. अपुरी मात्रा अख्ख्या वस्तीच्या रक्तात फिरवण्याची ही योजना रुग्णांनी आखली नव्हती!

आता मूळ मुद्दा. परजीवी तांबड्या पेशीतले हिमोग्लोबिन आपल्या आम्लधर्मी पोकळीत पचवतो. त्यातून सुटणारे हीम त्याला विषारी असते, म्हणून तो त्याचे निरुपद्रवी स्फटिक बनवतो. क्लोरोक्वीन त्या पोकळीत साठते, हीमला चिकटते आणि स्फटिकीकरण थांबवते. हीम आपल्या रक्तातले. त्याची रचना परजीवीला उत्परिवर्तनाने बदलता येत नाही. त्याने बदलले ते पोकळीच्या पटलावरचे पीएफसीआरटी हे प्रथिन. त्याच्या शहात्तराव्या जागी लायसिन जाऊन थ्रिओनिन आले (सोबत इतरही काही बदल) की औषध बाहेर फेकले जाते. कुलूप बदललेले नाही. किल्लीवाल्याला फक्त उंबऱ्यावरून हाकलले जाते. म्हणूनच अमोडियाक्वीन, पिपेराक्वीन ही याच वर्गातली भावंडे अनेक ठिकाणी क्लोरोक्वीनला न बधणाऱ्या परजीवीवरही चालतात.

आणि पीएफसीआरटीतल्या या बदलाची किंमत परजीवीला मोजावी लागते. मलावीने १९९३ मध्ये क्लोरोक्वीन बंद करून सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिन आणले. औषधाचा दाब हटताच दुबळे ठरलेले उत्परिवर्तित वाण मागे पडले आणि तग धरून राहिलेले जुने, औषधाला बधणारे वाण पुन्हा फोफावले. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत क्लोरोक्वीन दिलेल्या ८० मुलांपैकी एकाच मुलात उपचार फसला. त्याच्या जागी आणलेले औषध मात्र ८७ पैकी ७१ मुलांत फसले. ज्याला मूठमाती दिली त्याने आपल्या वारसदाराला असे हरवलेले वैद्यकात क्वचितच दिसते.

प्रतिपक्षाकडे काहीच नाही असे मी म्हणत नाही. इंडोनेशियाच्या पापुआ भागात व्हायव्हॅक्सही क्लोरोक्वीनला दाद देत नाही. पश्चिम कंबोडियात गेल्या दशकात पिपेराक्वीनही निष्प्रभ होऊ लागले. पण यातून सिद्ध होते ते एवढेच, की विशिष्ट परजीवी विशिष्ट टापूत विशिष्ट रेणूला हुलकावणी देतो.

तसाही हा वर्ग पूर्वी एकदा मोडीत निघाला होता. हान्स आंडरझाग यांनी १९३४ मध्ये बायरच्या एल्बरफेल्ड प्रयोगशाळेत क्लोरोक्वीनचा रेणू बनवला, आणि अतिविषारी ठरवून तो बाजूला टाकला गेला. १९४३ मध्ये ट्युनिसमध्ये त्याच्या जवळच्या नातलगाच्या, सॉन्टोचिनच्या, गोळ्या दोस्त राष्ट्रांच्या हाती लागल्या, तेव्हा अमेरिकेत फेरतपासणीला जोर आला.

राहिले आर्टेमिसिनिन, ज्याने म्हणे या वर्गाला बाजूला सारले. ते काही तासांत रक्तातून नाहीसे होते. उरलेल्या परजीवींचा निकाल जोडीचे औषध लावते, आणि आर्टेसुनेट-अमोडियाक्वीन व डायहायड्रोआर्टेमिसिनिन-पिपेराक्वीन या मिश्रणांत ती जोडी याच वर्गातली आहे. शिवाय ज्या जनुकीय बदलांनी परजीवी अमोडियाक्वीनला चुकवतो, त्यांनीच तो ल्युमेफँट्रिनला अधिक बळी पडतो. म्हणून आर्टेमेथर, ल्युमेफँट्रिन आणि अमोडियाक्वीन अशा तिहेरी मिश्रणाच्या चाचण्या झाल्या आहेत.