गरोदरपणात मांजर घराबाहेर काढायचं का? एका परजीवीच्या शोधाचा इतिहास

"सून गरोदर आहे, मांजर आता कुठेतरी लांब सोडून या." जळगाव-धुळ्याकडच्या घरांत हे वाक्य नवीन नाही. आता त्या भीतीला एका तपासणीचं नावही मिळालंय, 'टॉर्च'. त्यातला 'टी' म्हणजे टॉक्सोप्लाझ्मा, डोळ्यांना न दिसणारा एकपेशीय परजीवी. तो मांजराच्या विष्ठेतून पसरतो आणि पोटातल्या बाळापर्यंत पोचू शकतो, हे खरं आहे. पण मांजर हाकललं की बाळ सुरक्षित झालं, असं समजत असाल तर जरा थांबा. या परजीवीचा इतिहास बघितला तर लक्षात येतं की त्यात मांजर फार उशिरा येतं. आणि ते आल्यावरही गोष्ट मांजरापाशी संपत नाही.

सुरुवात होते १९०८ मध्ये. ट्युनिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये शार्ल निकोल आणि लुई मान्सो यांना गुंडी नावाच्या कुरतडणाऱ्या प्राण्यात हा जीव सापडला. त्याच वर्षी ब्राझीलमध्ये अल्फोन्सो स्प्लेंडोरे यांना तो सशात दिसला. आकार धनुष्यासारखा वाकलेला, म्हणून धनुष्याच्या ग्रीक शब्दावरून त्याचं नाव पडलं.

पुढची तीस वर्षं हा प्राण्यांमधला एक किरकोळ जीव होता. मग न्यूयॉर्कमध्ये १९३८ साली जन्मलेली एक मुलगी महिन्याभरात दगावली. वुल्फ, कोवेन आणि पेज या डॉक्टरांना तिच्या मेंदूत आणि डोळ्यात हाच परजीवी सापडला. संसर्ग आईकडून पोटातच बाळाला होतो, हे १९३९ मध्ये पक्कं झालं.

१९४८ मध्ये अल्बर्ट साबिन (होय, पोलिओच्या तोंडावाटे द्यायच्या लसीचे साबिन) आणि हॅरी फेल्डमन यांनी रक्ताची चाचणी तयार केली. तिच्यामुळे कळलं की असंख्य धडधाकट माणसांना हा संसर्ग कधीतरी होऊन गेलेला असतो. त्यांना पत्ताही नसतो. मग तो येतो कुठून?

पहिला संशय मांसावर गेला. परजीवी प्राण्यांच्या स्नायूंत गाठी करून राहतो, त्यामुळे अर्धकच्च्या मांसातून तो माणसात येत असावा असा अंदाज होता. १९६५ मध्ये पॅरिसच्या एका क्षयरोग रुग्णालयातल्या मुलांच्या अभ्यासातून हे सिद्ध झालं. तिथे मुलांच्या जेवणात मुद्दाम कमी शिजवलेलं मांस असायचं. ते वाढवलं तसं संसर्गाचं प्रमाणही वाढलं. (आज असा अभ्यास कुणी करू देणार नाही.)

पण या उत्तराला एक मोठं भोक होतं, आणि ते दाखवलं आपल्या मुंबईनं. १९५९ मध्ये बी. डी. रावल यांनी मुंबईतल्या शाकाहारी आणि मांसाहारी लोकांचं रक्त तपासलं. दोन्ही गटांत संसर्गाचं प्रमाण जवळपास सारखंच निघालं! ज्यांनी आयुष्यात मांस खाल्लं नाही, त्यांना हा परजीवी कुठून मिळाला?

याचं उत्तर मांजराच्या विष्ठेत होतं. ग्लासगोमध्ये विल्यम हचिसन यांनी १९६५ मध्ये दाखवलं की संसर्ग झालेल्या मांजराची विष्ठा वर्षभर पाण्यात ठेवली तरी तिच्यातून संसर्ग होतो. आधी त्यांना वाटलं, मांजराच्या पोटातल्या जंताच्या अंड्यांतून परजीवी येत असावा. पण जंत नसलेल्या मांजरांतही तेच झालं. शेवटी १९७० च्या सुमारास अनेक गटांनी परजीवीची स्वतःची टणक कवचाची 'अंडी' शोधून काढली. त्यांना ऊसिस्ट म्हणतात. या संशोधकांत भारतात पशुवैद्यक शिकलेले जे. पी. दुबे हेही होते. ही अंडी फक्त मांजराच्या कुळातले प्राणीच बाहेर टाकतात. मातीत, पाण्यात मिसळलेली ही अंडी भाजीसोबत पोटात जातात. मुंबईच्या शाकाहाऱ्यांचं कोडं असं सुटलं.

आता नीट वाचा, कारण इथेच गैरसमज होतो. मांजर ही अंडी साधारणपणे आयुष्यात एकदाच टाकतं. पहिल्यांदा संसर्ग झाल्यावर, एक ते तीन आठवडे. ताजी विष्ठा लगेच संसर्ग करत नाही, अंडी पिकायला एक ते पाच दिवस लागतात. म्हणजे मांजराला कुरवाळण्यात फारसा धोका नाही. धोका आहे तो जुन्या विष्ठेत आणि ती मिसळलेल्या मातीत. २००० साली युरोपातल्या सहा शहरांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ३० ते ६३ टक्के संसर्गाचं कारण कमी शिजलेलं मांस होतं, ६ ते १७ टक्क्यांचं माती. मांजराशी संपर्क हे कारण म्हणून दिसलंच नाही.

हे खानदेशात आणून बघा. आपल्याकडे मटण रस्शात चांगलं रटरटतं, त्यामुळे तो मार्ग बराचसा बंद होतो. उरतात माती, पाणी आणि कच्चं खाणं. भरितासोबतची कांद्याची पात, मुळा, काकडी, शेतातच नुसती झटकून खाल्लेली कोवळी भाजी. उन्हाळ्याच्या कोरड्या भट्टीत अंडी लवकर मरतात, पण पाटाच्या पाण्यानं ओल्या राहणाऱ्या सावलीत ती महिनोनमहिने टिकतात.

२०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, देशाच्या चार भागांतल्या प्रजननक्षम वयाच्या स्त्रियांच्या अभ्यासात २२.४ टक्के जणींना संसर्ग होऊन गेलेला आढळला. पश्चिम भारतात हे प्रमाण सगळ्यात कमी होतं, ८.८ टक्के. ऐकायला बरं वाटतं, पण अर्थ उलटाही आहे. गरोदर होण्याआधीच संसर्ग होऊन गेला असेल तर बाळाला सहसा धोका नसतो. धोका असतो तो गरोदरपणातच पहिल्यांदा संसर्ग झाला तर. म्हणजे आपल्याकडच्या बहुतेक जणींना ते संरक्षण नाही.

म्हणूनच 'टॉर्च'चा कागद हातात आला की घाबरू नका. त्यातलं 'आयजीजी' पॉझिटिव्ह म्हणजे बहुतेक वेळा जुना संसर्ग. 'आयजीएम' पॉझिटिव्ह आलं तरी ते कधीकधी वर्षभरही तसंच राहतं. संसर्ग जुना की ताजा हे ठरवायला 'अ‍ॅव्हिडिटी' नावाची पुढची चाचणी असते. ती करायची का, हे डॉक्टरांना विचारा.

आणि मांजर? राहू द्या. त्याची घाण रोजच्या रोज दुसऱ्या कुणीतरी काढावी, कुणीच नसेल तर हातमोजे घालून काढा आणि साबणानं हात धुवा. त्याला कच्चं मांस घालू नका. नवीन पिल्लू मात्र या नऊ महिन्यांत आणू नका. पालेभाजी वाहत्या पाण्यात धुवा, पाण्याची खात्री नसेल तर उकळून प्या.

हा सल्ला फ्लॅटमध्ये मांजर पाळणाऱ्या बाईपर्यंत आज सहज पोचतो. पण सातव्या महिन्यातही कपाशीत निंदायला जाणाऱ्या बाईच्या घरी कदाचित मांजर नसेलही. तिचे हात मात्र दिवसभर मातीत असतात, आणि दुपारी बांधावर बसून त्याच हातांनी ती भाकर मोडते. तिला कुणी मांजराची भीती घालून उपयोग नाही. तिला जेवणाआधी हात धुवायला साबण आणि पाणी हवं, शेताच्या बांधावर.