घरची पाल, पिंजऱ्यातली पाल

लक्ष्मीपूजनाच्या रात्री पाल दिसली तर वर्षभर घरात बरकत राहते, असा समज आपल्याकडे अनेक घरांत आहे. हिंगणघाटजवळच्या आमच्या कवेलूच्या घरात त्या रात्री आजी देव्हाऱ्यामागच्या भिंतीकडे हळूच बघून घेई. पाल असली की कुणाला न सांगता कुंकवाचं बोट भिंतीला लावी. दुसऱ्या दिवशी सकाळी तीच पाल दुधाच्या पातेल्याजवळ दिसली, की तीच आजी केरसुणी घेऊन तिच्या मागे लागे. बोलता बोलता पाल चुकचुकली तर जमिनीवर बोट आपटून ‘कृष्ण कृष्ण’ म्हणे. एकाच प्राण्याशी एकाच घरात चाललेला हा तीन तऱ्हांचा व्यवहार मला लहानपणी विचित्र वाटत नसे.

तो विचित्र वाटू लागला तो फार उशिरा, पुण्यात एका परिचिताच्या मुलाने काचेच्या पेटीत पाळलेली पाल पाहिली तेव्हा. पिवळ्या अंगावर काळे ठिपके, जाड शेपूट, आणि पापण्या मिटून शांत झोपलेली. तिला नाव होतं, तिचा वाढदिवस होता. ‘लेपर्ड गेको’ ही जगात सर्वांत जास्त पाळली जाणारी पाल. आपण जिला भिंतीवर सहन करतो, तिच्या गोत्रातल्या प्राण्याला लोक हौसेने घरात आणतात. मग त्यांना तिच्यात दिसतं ते आपल्याला का दिसलं नाही? की दिसलं होतं, पण त्याला आपण वेगळं नाव दिलं होतं? या प्रश्नाचा माग वर्धा नदीच्या खोऱ्यातून काढण्याचा हा प्रयत्न आहे.

शब्द आणि शकुन

मराठी ‘पाल’ संस्कृत ‘पल्ली’वरून आली. अमरकोशात तिला ‘मुसली’ आणि ‘गृहगोधिका’ अशी नावे आहेत. गृहगोधिका म्हणजे घरातली छोटी घोरपड. नावातच घर आहे. वाघ, कोल्हा, साप यांची नावे रानाची; हिचे मात्र घराचे. माणसाने तिला पाळले नाही, पण तिने माणसाचे घर आपले मानले ही गोष्ट कोशकाराच्या काळीही लोकांना ठाऊक होती.

एवढ्या जवळ राहणाऱ्या प्राण्याकडे दुर्लक्ष करणे शक्य नव्हते. म्हणून त्याच्या हालचालींचे शास्त्र तयार झाले. पाल अंगावर कुठे पडली, उजव्या बाजूला की डाव्या, पुरुषाच्या की स्त्रीच्या, यावरून फळ सांगणारे ‘पल्लीपतन’ जुन्या पंचांगांत छापलेले असे. अशुभ फळ टाळण्यासाठी ‘पल्लीसरटशांती’ही सांगितलेली आहे. ‘सरट’ म्हणजे सरडा. मराठीत अजूनही मनात शंका आली की ‘पाल चुकचुकते’. बंगालीत तिचे नावच ‘टिकटिकी’, आणि तिथे ती बोलण्याच्या मध्येच बोलली तर बोललेले खरे असल्याची ती साक्ष समजतात. म्हणजे वर्ध्याच्या माजघरात जो आवाज शंकेचा, तोच कलकत्त्याच्या घरात पुराव्याचा. आवाज एकच, अर्थ ऐकणाऱ्याचा.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. पालीबद्दलचे सगळे शकुन तिच्या चार गुणांभोवती फिरतात: तिचा आवाज, तिची न मिटणारी नजर, छताला उलटे चालण्याची करामत आणि तुटून पडल्यावरही वळवळणारे शेपूट. आज पाल पाळणाऱ्या लोकांना विचारले तर आवडीची कारणे म्हणूनही बरेचसे हेच ऐकायला मिळते. भीती आणि आवड या दोघींनी एकाच गोष्टींकडे पाहिले आहे.

कोळशाच्या शोधात सापडलेली पाल

वर्धा जिल्हा नागपूरपासून वेगळा झाला १८६२ मध्ये. १८६६ मध्ये पालकवाडी या खेड्याच्या जागी वर्धा शहर वसवायला सुरुवात झाली. कापूस आणि रेल्वे यांच्या मागोमाग सरकारला या खोऱ्यातला कोळसा हवा होता. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे विल्यम थॉमस ब्लॅनफर्ड त्या दशकात चांदा आणि वर्धा खोऱ्यातल्या कोळशाच्या थरांची पाहणी करत होते. पण दगड पाहणारा हा माणूस दगडाखाली काय आहे तेही पाही. १८७० मध्ये बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी मध्य भारतातल्या सरपटणाऱ्या आणि उभयचर प्राण्यांवर एक दीर्घ लेख छापला. त्यात आग्नेय वऱ्हाड आणि रायपूर इथल्या नमुन्यांवरून एका सडपातळ, जमिनीवर राहणाऱ्या पालीला त्यांनी नाव दिले: हेमिडॅक्टिलस ग्रॅसिलिस. ग्रॅसिलिस म्हणजे सडपातळ, नाजूक.

आग्नेय वऱ्हाड म्हणजे वर्धा नदीच्या पलीकडचा काठ. आमच्या गावावरून जी नदी ओलांडून लोक सोयरिकीला जात, तिच्या पलीकडच्या मातीतली एक पाल विज्ञानाच्या यादीत दाखल झाली, तेव्हा आमच्याकडे कुणालाही त्याचा पत्ता नव्हता. तिला गावात स्वतंत्र नावही नसावे. सगळ्या पाली ‘पाल’च. आपल्या भाषेत पालीच्या पडण्याची फळे डझनांनी आहेत, पण पालींच्या जातींची नावे बोटांवर मोजण्याइतकीही नाहीत.

ही उणीव पुढे मराठी मुलखातल्याच अभ्यासकांनी भरून काढायला घेतली. मुंबईत १८८३ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली. तिच्या आठ संस्थापकांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे होते. याच संस्थेत काम केलेल्या वरद गिरी यांनी २००८ मध्ये जुन्नर तालुक्यातल्या घाटघरहून एका नव्या पालीचे वर्णन प्रसिद्ध केले, आणि त्याच वर्षी अॅरन बावर यांच्याबरोबर साताऱ्याच्या पठारावरच्या आणखी एकीचे. तिचे नाव हेमिडॅक्टिलस साताराएन्सिस. पुढे त्यांच्याच नावाने एका पालीचे नामकरण झाले. जिल्ह्याचे नाव अंगावर मिरवणारी पाल आता महाराष्ट्राकडे आहे.

न चावणारा विषखोपरा

सोसायटीच्या स्थापनेच्या वर्षीच एडवर्ड हॅमिल्टन एटकन यांचे ‘द ट्राइब्ज ऑन माय फ्रंटियर’ हे पुस्तक निघाले. एटकन साताऱ्यात जन्मलेले, ‘ईएचए’ या सहीने लिहिणारे. बंगल्यातल्या उंदीर, डास, मुंग्यांबरोबर पालींवरही त्यांनी लिहिले, आणि त्यातच ‘बिसकोब्रा’ची थट्टा केली. मूळ शब्द हिंदी ‘बिसखोपरा’, आपला विषखोपरा. इंग्रजांनी त्यात ‘कोब्रा’ ऐकला आणि त्यांना हा प्राणी नागाच्या दुप्पट विषारी वाटू लागला. एटकनांचा मिश्कील प्रश्न असा, की ज्याच्या दंशाने माणसे मेल्याच्या कथा सर्वत्र ऐकू येतात, तो प्राणी मुळात आहे तरी का?

प्राणी होते, विष नव्हते. हे नाव कधी घोरपडीच्या पिल्लाला चिकटले, कधी जाड शेपटीच्या रानपालीला, म्हणजे युब्लेफॅरिस कुळातल्या पालीला. लेपर्ड गेको याच कुळातली. भारतात आढळणारी एकही पाल विषारी नाही.

मी स्वतः ही पाल पहिल्यांदा पाहिली ती मेलेली. परतवाड्याला मामाकडे उन्हाळ्याच्या सुट्टीत गेलो होतो. संध्याकाळी गोठ्यामागच्या दगडांतून ती निघाली. वीतभर, अंगावर काळे-पिवळे पट्टे. ‘विषारी आहे, फुंकर लागली तरी माणूस जातो’ असे म्हणत दोन काठ्या पडल्या. पट्टे पिल्लांच्या अंगावर असतात आणि वाढत्या वयात त्यांचे ठिपके होतात, हे मी पुढे वाचले. आम्ही एक पिल्लू मारले होते. २०१४ मध्ये झीशान मिर्झा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सातपुड्यातल्या या कुळातल्या पालीला स्वतंत्र जात म्हणून ‘युब्लेफॅरिस सातपुराएन्सिस’ हे नाव दिले, ते वाचताना मला तो गोठा आठवला.

तिला लोक का पाळतात

युब्लेफॅरिस या नावाचा अर्थ ‘चांगल्या पापण्यांची’. बहुतेक पालींना मिटणाऱ्या पापण्या नसतात. त्या जिभेने डोळा पुसतात. या कुळाला पापण्या आहेत, म्हणून तिच्या चेहऱ्यावर झोप, आळस, कुतूहल असे माणसासारखे भाव असल्याचा भास होतो. लेपर्ड गेकोचे वर्णन एडवर्ड ब्लिथ यांनी १८५४ मध्ये पंजाबच्या मिठाच्या डोंगररांगेतल्या नमुन्यावरून केले. ही पाल भिंत चढत नाही, धावपळ कमी करते, शेपटीत चरबी साठवते, किडे खाते, आणि नीट सांभाळली तर पंधरा-वीस वर्षे जगते. पाळणाऱ्याला हवे ते सगळे तिच्यात आहे. परदेशात पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यातच पैदास करून तिचे नाना रंग तयार झाले आहेत.

दुसरी लाडकी म्हणजे न्यू कॅलेडोनिया बेटांवरची क्रेस्टेड गेको. डोळ्यांवर झालरीसारखे काटे, फळांचा गर चाटून खाण्याची सवय. १८६६ मध्ये वर्णन झालेली ही पाल नामशेष झाली असे मानले जात होते. १९९४ मध्ये ती पुन्हा सापडली आणि काही वर्षांतच जगभरच्या घरांत पोचली. तिसरी टोके, आसाम-मणिपूरकडची मोठी, ठिपक्यांची, मोठ्याने ओरडणारी. तिच्या एका पावलावर सुमारे पाच लाख सूक्ष्म केस असतात, आणि २००० मध्ये शास्त्रज्ञांनी त्यातल्या एका केसाची पकड मोजली. चिकट द्रव नाही, हवा शोषणे नाही. रेणूरेणूंतले क्षीण आकर्षणच तिला काचेवर धरून ठेवते. हीच टोके खोट्या औषधांच्या नावाखाली ईशान्य भारतातून चोरून विकली जाते. २०१९ मध्ये तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आले. आवडीची दुसरी बाजू ही अशी.

वाङ्मयातली सर्वांत लाडकी पाल मात्र पिंजऱ्यातली नाही. जेराल्ड ड्युरेल यांच्या १९५६ च्या ‘माय फॅमिली अँड अदर अॅनिमल्स’मधली जेरोनिमो ग्रीसच्या कॉर्फू बेटावर लेखकाच्या झोपायच्या खोलीत किडे टिपत राही. तिला कुणी कोंडले नव्हते. रोज रात्री ती आपणहून येई, म्हणूनच तिची ओढ.

चिमटा आणि पेटी

आता पुन्हा वर्ध्यात येऊ. ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी शेगावात राहायला आले. १९४० मध्ये गावाचे नाव सेवाग्राम झाले. मातीच्या भिंती, कवेलूचे छप्पर, भोवती शेते. अशा घरात साप, विंचू, पाली येणारच. आश्रमात साप पकडण्याचा चिमटा आणि पकडलेला साप दूर सोडण्यासाठीची पेटी आजही पाहायला मिळते. शाळेच्या सहलीत मी ती पाहिली, तेव्हा पेटी पिंजऱ्यासारखी वाटली होती. तिचा उपयोग बरोबर उलटा होता.

या पेटीमागची गोष्ट दक्षिण आफ्रिकेतल्या टॉल्स्टॉय फार्मवर सुरू होते. गांधीजींनी येरवडा तुरुंगात लिहायला घेतलेल्या सत्याग्रहाच्या इतिहासात ती आली आहे. हर्मन कॅलनबाख यांनी सापांची भीती घालवण्यासाठी पुस्तके जमवली, विषारी कोणता नि बिनविषारी कोणता ते शिकून घेतले आणि एक मोठा नाग पिंजऱ्यात ठेवून आपल्या हाताने खाऊ घालू लागले. गांधीजींनी त्यांना सौम्यपणे सुचवले, की या मैत्रीत भीती मिसळलेली आहे आणि तो मोकळा असता तर त्याच्याशी खेळण्याचे धैर्य आपल्यात नाही. एका सकाळी पिंजरा रिकामा सापडला. दोघांनाही बरेच वाटले.

मला हा प्रसंग पालीच्या संदर्भात महत्त्वाचा वाटतो. कॅलनबाखांनी केलेले पहिले काम, म्हणजे ओळख करून घेणे, आपण पालीबाबत केलेच नाही. म्हणून परतवाड्याच्या गोठ्यामागे काठ्या पडल्या. ते न करता थेट दुसरे काम, म्हणजे पेटीत ठेवणे, आता आपल्या शहरांत सुरू झाले आहे. परदेशी पैदाशीची पाल पाळणाऱ्या त्या मुलाला मी दोष देत नाही. त्याला पालीचे जेवढे ठाऊक आहे तेवढे माझ्या आजीला नव्हते. पण काचेतली पाल बघून कुणाला रानातली आपली पाल पकडून आणावीशी वाटली, तर १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आडवा येतो, आणि तो यावाच.

हिंगणघाटचे घर पाडून तिथे आता सिमेंटचे घर झाले आहे. गेल्या दिवाळीत साफसफाई करताना आजीच्या फोटोच्या फ्रेममागे दोन पांढरी, वाटाण्याएवढी अंडी चिकटलेली सापडली. बायको म्हणाली, काढून टाका. मी फ्रेम होती तशी पुन्हा टांगली. लक्ष्मीपूजनाच्या रात्री ट्यूबलाइटजवळ एक पाल आली, पतंग टिपत राहिली. कुणीतरी काहीतरी बोलले आणि ती चुकचुकली. माझे बोट सवयीने जमिनीकडे गेले.