गुणवत्तेचे वजन : शिष्यवृत्ती-परीक्षेत भाषेचे स्थान

खारेपाटण येथे मिळालेल्या ताम्रपटात शिलाहार रट्टराजाने शके ९३० (इ. स. १००८) मध्ये शैव आचार्य आत्रेय यांस दिलेल्या दानाची नोंद आहे. दान घेणाऱ्याची योग्यता तेथे सांगितली आहे ती मत्तमयूर गुरुपरंपरेच्या आधारे. विद्येला आश्रय देणाऱ्यानेच पात्रतेची कसोटी ठरवावी, हा प्रघात पुढेही टिकला; बदलत गेली ती कसोटी.

पेशवाईत पुण्यास श्रावणमासी दक्षिणा वाटली जाई. शास्त्री-वैदिकांची विद्वत्ता पारखून रकमेत तारतम्य ठेवले जाई; परंतु पारख होई ती संस्कृत विद्येची, आणि अधिकारी ब्राह्मणच मानले जात. इ. स. १८४९ मध्ये लोकहितवादी गोपाळ हरि देशमुख व त्यांच्या सहकाऱ्यांनी या निधीतून मराठी ग्रंथरचनेस उत्तेजन द्यावे असा अर्ज केला, तेव्हा पुण्यातील सनातनी मंडळींनी त्यास कडाडून विरोध केला. तो वाद रकमेपेक्षा कोणत्या विद्येस किती मोल द्यावे याविषयीचा होता. पुढे मॅट्रिकच्या परीक्षेत संस्कृतात सर्वाधिक गुण मिळविणाऱ्यास जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळू लागली. चिंतामणराव देशमुख यांनी ती १९१२ साली मिळविली. तेथे एका भाषेच्या गुणांवरच सारा निर्णय अवलंबून होता.

विसाव्या शतकात हे पारडे फिरले. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची शिष्यवृत्ती-परीक्षा पूर्वी चौथी व सातवीत होत असे. २०१७ साली ती पाचवी व आठवीत घेण्यात आली. तेव्हाच्या आराखड्यात प्रत्येकी १५० गुणांचे दोन पेपर होते. पहिल्यात प्रथम भाषेस ५० व गणितास १००, दुसऱ्यात तृतीय भाषेस ५० व बुद्धिमत्ता चाचणीस १०० गुण होते. पात्रतेसाठी प्रत्येक पेपरात ४० टक्के, म्हणजे ६० गुण आवश्यक. याचा अर्थ असा की, भाषेत पैकीच्या पैकी गुण मिळविणारा विद्यार्थी केवळ त्या बळावर पात्र ठरू शकत नाही. गणितात ६० गुण मिळविणारा मात्र भाषेत शून्य मिळूनही तो पेपर पार करतो. एकूण गुणांत एक-तृतीयांश दिसणारा भाषेचा वाटा पात्रतेच्या उंबरठ्यावर याहूनही हलका ठरतो.

२००८ साली केंद्र शासनाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल कुटुंबांतील विद्यार्थ्यांसाठी सुरू केलेल्या शिष्यवृत्ती योजनेत भाषा हा विषयच नाही. आठवीतील या परीक्षेत बौद्धिक क्षमता चाचणीचे ९० व शालेय क्षमता चाचणीचे ९० प्रश्न असतात. दुसऱ्या चाचणीत विज्ञान ३५, समाजशास्त्र ३५ व गणित २० अशी वाटणी आहे. निवड झाल्यास नववी ते बारावी दरसाल १२,००० रुपये, म्हणजे चार वर्षांत ४८,००० रुपये मिळतात. मोलमजुरी करणाऱ्या घरात मूल शाळेत राहील की नाही, हे पुष्कळदा अशाच रकमेवर ठरते.

तथापि ज्या परीक्षेत भाषेस गुण नाहीत तीत भाषेचे वजन नसते, असे मानणे हा भ्रम होय. खारेपाटणच्या परिसरात घरी मालवणी बोलणारे मूल 'मला' याऐवजी 'माका' म्हणते, 'घोडा' यास 'घोडो' म्हणते, 'कुठे' यास 'खंय' म्हणते. रूपांचा हा भेद शाळेत लवकर ओलांडला जातो. खरी अडचण 'विसंगत पद', 'समसंबंध', 'खालील विधानांवरून निघणारे अनुमान' अशा शब्दयोजनेची. ही कोणाच्याच घरची बोली नव्हे. परंतु ज्या घरात पुस्तके व वर्तमानपत्रे वाचली जातात, तेथील मुलास ती परकी वाटत नाही. इतरांच्या बाबतीत मोजलेली बुद्धी ही अंशतः प्रश्न वाचण्याची सवय असते. प्रत्येक प्रश्नास मिळणारा वेळ मोजका असल्याने वाक्य दोनदा वाचावे लागणाऱ्याचे गुण तर्कात चूक न करताही कमी होतात.

यावर भाषेचे गुण वाढविणे हा उपाय नव्हे. तसे केल्यास प्रमाण मराठीशी परिचित असलेल्या घरांचेच पारडे आणखी जड होईल. चुकलेल्या उत्तरांत वाचनाची चूक कोणती आणि विचाराची कोणती, हे प्रश्नवार तपासणे आणि प्रश्नांची वाक्ये सुबोध करणे हाच योग्य मार्ग होय. दक्षिणेच्या काळी विद्येचे वजन उघडपणे ठरविले जाई, म्हणून १८४९ साली त्याविरुद्ध अर्ज तरी करता आला. आज जे वजन गुणपत्रिकेत दिसतच नाही, त्याविरुद्ध आठवीतील मुलाने अर्ज कसा करावा?